मंगरूच्या रेडिओचा मोहल्ला

मंगरू मेश्रामशी काही गुपित बोलायचं असेल, तर माणसाला सानगडीच्या तलावापलीकडे शेतात जावं लागे. तिथंही रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून सगळं ऐकून घेत. कारण मंगरूच्या कानात शिरेल एवढ्या आवाजात बोललेली गोष्ट गुपित राहणं शक्यच नव्हतं.

उभा जन्म त्यानं राइस मिलमध्ये काढला. मशीन धडधडत राही, पट्टा फटफटत राही आणि मंगरू त्या धडधडीत उभा. कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरांचा आवाज गेला, मग पोराबाळांचा, मग बायकोचा. बायकोचा गेला ते तर त्याला बरेच दिवस कळलंच नाही. त्याला वाटलं, धुरपताचा स्वभाव वयाबरोबर निवला.

धुरपताबाई काही निवली नव्हती. तिची सोय झाली होती. नवऱ्याच्या ताटात भात वाढताना, चेहरा अगदी मायेचा ठेवून, ती मनात येईल ते बोलून घेई.

"खा, खा. कामाचा ना धामाचा, बसला आहे धानाच्या ढोलीसारखा."

मंगरू मान डोलवी. "होय, भाजी मस्त झाली आज."

अशा संसारात मंगरूचा खरा सोबती होता रेडिओ. टीव्हीवर माणसं नुसती तोंडं हलवतात आणि आपण मूर्खासारखं बघत बसतो, याचा त्याला राग येई. रेडिओचं तसं नव्हतं. त्याच्या डब्यावर तळवा ठेवला की आवाज हातातून वर चढे. साकोलीला 'झाडी तरंग' नावाचं गावरेडिओचं स्टेशन निघालं, त्या दिवसापासून मंगरूच्या रेडिओचा काटा तिथंच बसला तो हलला नाही. वडिलांना नीट ऐकू यावं म्हणून मुलानं, अंकुशनं, एका मंडप-डेकोरेशनवाल्याकडचा जुना साऊंड बॉक्स आणून रेडिओला जोडून दिला आणि तो नागपूरला नोकरीवर निघून गेला. मागे मोहल्ल्याचं काय झालं, ते मोहल्ल्यानं भोगलं.

सकाळी मंगरू ओट्यावर बनियानवर येऊन बसे, बटण दाबी, आणि सगळा मोहल्ला जागा होई. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य, गाणी, हरवलेल्या शेळ्या, सगळं प्रत्येकाच्या घरात शिरे, दार बंद असलं तरी. कोपऱ्यावर केशवराव कापगत्यांचं किराणा दुकान होतं. त्यांचा जळफळाट सगळ्यात मोठा. गिऱ्हाईक साखर मागे, ते मीठ बांधून देत. शेवटी त्यांनी तंटामुक्ती समितीकडे तक्रार केली. समिती बसली. अध्यक्षांनी मंगरूला समोर बोलावून समजावलं, की बाबा, आवाजाचा लोकांना त्रास होतो.

मंगरूनं मन लावून त्यांच्या ओठांकडे बघितलं. "हो जी, करतो. उद्यापासून आनखी वाढवतो. मले वाटलंच होतं, तिकडच्या घराईले ऐकू येत नसन."

तंटा मिटला, असं कागदावर लिहिलं गेलं.

आता खरी गंमत अशी, की रेडिओचा एवढा मोठा भक्त असून मंगरूला त्यातलं धड काही ऐकू येत नसे. अर्धं ऐकू येई, अर्धं तो स्वतः भरून काढी. शेतीच्या सल्ल्यात धानावरच्या गादमाशीची माहिती आली, की हा शेजारच्या शेतकऱ्याला सांगे, "सरकार म्हणते, धानाले गादी-उशी लागते. आता बोला!" तुरळक पावसाचा अंदाज आला, की भंडाऱ्यात तुरडाळ पडणार, म्हणून हा खूश. लसीकरणाची सूचना त्यानं साऱ्या मोहल्ल्यात 'उद्या पोरायले लसूण वाटनार' अशी फिरवली होती, आणि त्याची सून रुचिता, जी गावात आशाताई म्हणून काम करते, तिला त्या दिवशी चार आयांनी लसूण मागितला.

सकाळच्या कार्यक्रमात बोलणारी मुलगी होती भावना. ती रोज सुरुवातीला गोड आवाजात म्हणे, "नमस्कार, मी तुमची भावना." मंगरूला ऐकू येई, "मी तुमची भाची ना!" त्याला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे ही भाची कुठल्या नात्यातली, याचा त्यानं काही दिवस विचार केला. मग सोडून दिला. भाची आहे म्हणते, तर असेल. रोज सकाळी तो रेडिओला हात जोडून म्हणे, "जय भीम, बाई. बरी आहेस ना?"

दिवाळीनंतर नागपूरच्या कुठल्या तरी संस्थेची राखी नावाची मुलगी हातात टॅब घेऊन गावात आली. कोणतं स्टेशन किती लोक ऐकतात, याची पाहणी करायची होती. पहिल्यांदा ती केशवरावांच्या दुकानात शिरली.

"काका, तुम्ही रेडिओ ऐकता का?"

"ऐकतो?" केशवरावांनी तराजू खाली ठेवला. "न ऐकून जातो कुठं?"

"कोणतं स्टेशन?"

"झाडी तरंग. सकाळपासून संध्याकाळलोक. झोपलो तरी ऐकतो."

राखीला आनंद झाला. तिनं भराभर बोटं चालवली. आतून केशवरावांची बायको शकुनबाई आली. तिला विचारलं तर ती थांबेचना. भावनाला मागच्या हप्त्यात सर्दी झाली होती, बाजारभाववाल्या माणसाला 'ष' म्हणता येत नाही, भजन लागलं की कुकर चढवायचा आणि आरोग्याची गोष्ट संपली की उतरवायचा, असं सगळं तिनं सांगितलं. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. कोणी कौतुकानं सांगितलं, कोणी दात खाऊन, पण टॅबमध्ये दात खाल्लेले नोंदवायची जागा नव्हती. घरात रेडिओ आहे का, हा प्रश्न त्या पाहणीत कोणाला सुचला नव्हता.

निकाल लागला तेव्हा झाडी तरंगचा प्रमुख अनुप खुर्चीतून उठून उभा राहिला. हा पोरगा नागपूरला पत्रकारिता शिकून मुद्दाम आपल्या भागात परत आलेला. आपलं स्टेशन कोणी ऐकतं की नाही, या काळजीनं त्याचे केस लवकर पांढरे व्हायला लागले होते. बाकी गावांत शंभरातले दोघे-तिघे ऐकत होते, तेही उसासा टाकून. आणि सानगडीच्या या एका मोहल्ल्यात घरटी श्रोता! अनुपनं रेडिओवरून मोहल्ल्याचं अभिनंदन केलं. ते अभिनंदनही अर्थातच मंगरूच्या बॉक्समधून सगळ्यांनी ऐकलं. मंगरूनं तेवढं ऐकून सांगितलं, की सानगडीत कोणाचं तरी निधन झालं म्हणतात.

एवढ्यात साकोलीला कानाचं शिबिर लागलं. रुचितानं सासऱ्याचं नाव परस्पर घालून टाकलं.

"मामाजी, साकोलीले जाचं आहे. कानाची मशीन भेटते."

"कोनाची म्हैस?"

"चला तुम्ही."

शिबिरात डॉक्टरनं कानात मशीन बसवली, ती आधी कुई करून ओरडली, आणि मग जग एकदम आत घुसलं. पंखा किरकिरतो, हे मंगरूला कळलं. आपल्या चपला फटफट वाजतात, हे कळलं. परतीच्या गाडीत मागच्या सीटवरचं पोरगं चिप्सची पिशवी चुरगाळत होतं, तर हा दचकून दचकून मागे बघे. सगळ्यात जास्त तो स्वतःच्या आवाजाला घाबरला. रुचिताशी बोलायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. मग हळूच म्हणाला, "मी असा बोंबलतो काय वो?"

रुचितानं खिडकीबाहेर बघितलं.

दोघं घरी आली तेव्हा धुरपताबाई आंगणात तांदूळ निवडत होती. नवऱ्याकडे बघून ती नेहमीसारखी हसली आणि नेहमीसारखी बोलली, "आला बाप्पा. कानात काय खोचून आला कोण जाने. आता तं मिजास पाहाच लागन."

"मिजास कायची?" मंगरू म्हणाला.

धुरपताबाईचं सूप हातातून निसटलं आणि तांदूळ आंगणभर झाले. त्यानंतर पुढचे दोन दिवस ती घरात एक अक्षर बोलली नाही. कोंबड्यांनाच काय त्या शिव्या ऐकाव्या लागल्या, त्याही परसात नेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरू ओट्यावर बसला आणि त्यानं बटण दाबलं. साऊंड बॉक्स जो काही गरजला, त्यानं मंगरू ओट्यावरून खाली उतरला की पडला, हे सांगणं कठीण.

"अरे, कोन मेल्यानं एवढा वाढवून ठेवला हा!"

रुचिता आतून म्हणाली, "तुम्हीच ठेवला जी. केव्हाचा."

मंगरूनं बॉक्सची वायर उपटली, रेडिओ मांडीवर घेतला, आवाज एवढासा केला आणि शांतपणे ऐकू लागला.

आणि मोहल्ल्यात जे झालं ते असं. शकुनबाईनं भजनाची वाट बघत कुकर चढवलाच नाही. शाळेला निघायची खूण असलेलं गाणं लागेना, म्हणून पोरं गोट्या खेळत राहिली. केशवरावांच्या दुकानात इतकी शांतता पसरली, की गिऱ्हाईक भाव ऐकून पहिल्यांदाच घासाघीस करू लागलं. थोड्या वेळानं सगळ्यांना एकदम जाणवलं, की मंगरूचा रेडिओ बंद आहे. आणि मंगरूचा रेडिओ बंद याचा अर्थ एकच.

शकुनबाई पदर डोळ्यांना लावतच निघाली. मागोमाग केशवराव, दुकान उघडं टाकून. वाटेत आणखी चार-दोन माणसं मिळाली. एकानं कोपऱ्यावर थांबून पै-पाहुण्यांना फोन कोण करेल, अशी हलक्या आवाजात चौकशीही केली. आंगणात येऊन बघतात, तर मंगरू बनियानवर बसून चहा पीत होता.

"काय गा, काय झालं?" मंगरूनं विचारलं. "कोन गेलं?"

केशवराव एकदम चिडले. "काही नाही! म्हटलं तब्येत बरी आहे का नाही. शेजारी म्हणून विचाराव नाही काय मानसानं?"

"लय बरी आहे. आता सारं ऐकू येते. तुले उगाच तरास झाला इतके दिवस, केशव. आता नाही होनार."

"बरं झालं," केशवराव म्हणाले, आणि दुकानात परत जाऊन दिवसभर कोणाशी नीट बोलले नाहीत.

मोहल्ल्याची पंचाईत मोठी होती. आवाज वाढव म्हणायचं कोणत्या तोंडानं? तक्रार तर आपणच केलेली. रोज कोणी ना कोणी काही निमित्तानं मंगरूच्या ओट्याशी घुटमळे. कोणी विळा मागायला येई, कोणी आलेला विळा परत करायला. भावनाची दोन वाक्यं कानावर पडली की तेवढ्यावर समाधान मानून जाई. हळूहळू तेही सुटलं. जो तो आपापल्या मोबाइलमध्ये घुसला. पोरं कानात वायरी घालून फिरू लागली.

उन्हाळ्याच्या तोंडाला राखी पुन्हा आली. केशवरावांना तिनं तोच प्रश्न विचारला.

"नाही ऐकत," केशवराव म्हणाले.

शकुनबाई म्हणाली, "नाही वो बाई. पहिले ऐकत होतो." पुढच्या घरीही नाही. सगळ्या मोहल्ल्यात एकटा मंगरू म्हणाला, "मी ऐकतो."

अनुपला निकाल कळला तेव्हा तो त्या दिवशी जेवला नाही. आपण कोणाचा अपमान केला? कोणत्या जातीला, कोणत्या पक्षाला, कोणत्या देवाला काही बोललो? जुनी रेकॉर्डिंग काढून तपासली, सापडलं काही नाही. शेवटी भावनाला मोटारसायकलवर मागे बसवून तो स्वतः सानगडीला आला. केशवरावांच्या दुकानासमोर त्यानं माणसं गोळा केली आणि जवळजवळ हात जोडले.

"आमचं काय चुकलं, ते स्पष्ट सांगा. तुम्ही नाराज आहात का?"

"नाराज कायले राहू?" केशवराव म्हणाले. "ऐकूच येऊन नाही राहिलं."

"आम्ही फ्रिक्वेन्सी बदलली नाही, काकाजी."

"तुमची नाही बदलली. मंगरूची बदलली."

मग केशवरावांनी कानाच्या मशीनची हकिकत सांगितली. अनुपनं एकेकाला विचारलं, तुमच्या घरी रेडिओ आहे? नाही. तुमच्या? नाही. तुमच्या? होता, पण पोरानं खोलला. अनुप मिठाच्या पोत्यावर बसला.

"म्हणजे आपला तालुक्यातला सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग..."

"थो पाहा," केशवरावांनी बोट दाखवलं, "बनियानवर बसला आहे."

अनुपनं धीर करून मोबाइलची गोष्ट काढली. स्टेशनचं अ‍ॅप आहे, कानात वायर घालायची, हवं तेव्हा ऐकायचं.

"एकट्यानं?" शकुनबाईला ते पटेना. "एकट्यानं ऐकून काय कराचं? 'ऐकलं काय वो' म्हणून विचाराव कोणाले? आपन एक ऐकून राहिलो, बाजूवाली दुसरंच."

अनुपनं मोबाइल खिशात टाकला. तो उठून मंगरूकडे गेला आणि बॉक्स पुन्हा जोडायची विनंती करू लागला. पण मंगरूचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तो मागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होता.

"ही कोन?"

"नमस्कार काकाजी," ती म्हणाली. "मी भावना."

आवाज तोच होता. मंगरूनं कानातली मशीन चाचपली. "भावना? भाची नाही?"

मग सगळा उलगडा झाला. मंगरू थोडा खजील झाला, पण धुरपताबाई बाहेर आली होती आणि तिला नात्यातलं नुकसान पसंत नव्हतं. "भाची म्हटलं ना एवढे दिवस? तं भाचीच," ती म्हणाली, आणि भावनाला आत नेऊन तिनं पोहे खाऊ घातले. अनुपला बाहेरच पाणी मिळालं.

उरलेले पोहे घेऊन भावना ओट्यावर मंगरूजवळ येऊन बसली आणि तिनं विचारलं, "काकाजी, आता नीट ऐकू येतं तर कसा वाटतो आमचा कार्यक्रम?"

मंगरू बोलायला कचरला. मग बोलला. "खरं सांगू, बाई? पहिले लय मस्त राहे. आता मजा गेली. पहिले भंडाऱ्यात तुरडाळ पडे. धानाले गादी-उशी लागे. पोरायले लसूण वाटत. आता पाहा तं... तुरळक पाऊस. त्यात काय आहे ऐकासारखं?"

भावनाला इतकं हसू आलं, की पोहे घशात अडकले. तिनं त्याला आणखी विचारलं, त्यानं आणखी सांगितलं, आणि तिनं मोबाइल पुढे धरून ते सगळं भरून घेतलं. आंगणात जमलेली माणसं पोट धरून हसत होती. ती सगळी इतके दिवस तोच कार्यक्रम ऐकत होती, पण मंगरूच्या कानात त्याचं असं काही होत असेल, हे कोणाला माहीत होतं?

पुढच्या शनिवारपासून झाडी तरंगवर 'मंगरूनं ऐकलं' सुरू झालं. मंगरू साकोलीला जाई, काचेच्या खोलीत बसे, मशीन काढून खिशात ठेवी. भावना हळू आवाजात एक बातमी वाचे आणि मंगरू त्याला ऐकू आलेली बातमी सांगे. मोहल्ल्याचा माणूस रेडिओवर म्हटल्यावर ऐकणं भागच होतं. केशवरावांनी एक रेडिओ विकत आणला, मंगरूचा बॉक्स उसना मागितला, आणि दोन्ही दुकानात लावले. "गिऱ्हाईकासाठी," असं ते न विचारता सांगत. शकुनबाईचा कुकर पुन्हा वेळेवर चढू लागला.

त्यापलीकडे काय झालं, ते अनुपलाही नीट कळलं नाही. कार्यक्रमाचे तुकडे मोबाइलवर फिरू लागले. पवनीत फिरले, नाकाडोंगरीत फिरले, ज्यांनी जन्मात रेडिओ बघितला नव्हता अशा पोरांनी फिरवले. अंकुशनं नागपूरला कंपनीच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरून आपल्या बापाचा आवाज ऐकला आणि घास तसाच ठेवून तो "हे माझे बाबा आहेत" म्हणून सांगायला उठला. कोणी विश्वास ठेवला नाही.

राखी तिसऱ्यांदा आली. "रेडिओ ऐकता का?" तिनं एका तरुण पोराला विचारलं.

"नाही. मंगरूले ऐकतो."

तिनं टॅबमध्ये शोधलं. असा पर्याय नव्हता. तिनं अनुपला फोन लावला. अनुपला हसावं की रडावं कळेना. "जे सांगतात ते लिहा," तो म्हणाला. आकडे पुन्हा काय आले ते आले, पण अनुप त्यानंतर निकालाच्या दिवशी जेवू लागला.

एक अडचण मात्र आली. लोकांच्या कौतुकानं मंगरू चढला. मशीन काढल्यावर जे ऐकू येई, त्यात तो पदरचं घालू लागला. एका शनिवारी त्यानं ग्रामपंचायतीच्या साध्या सूचनेतून हत्ती, सर्कस आणि तंटामुक्तीच्या अध्यक्षांची दुसरी बायको बाहेर काढली. मोहल्ला हसला. धुरपताबाई हसली नाही. तो घरी आला तेव्हा ती दारात उभी होती. आता ती तोंडावरच बोलायची.

"हे तुम्ही कानानं नाही ऐकलं जी. हे तोंडानं ऐकलं."

मंगरूला ते लागलं. पुढच्या शनिवारी तो जायला निघेना. भात अर्धा टाकून ओट्यावर बसून राहिला. गाडीची वेळ होत आली तशी धुरपताबाईनं लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला. मी येतो सोबत. जे ऐकू आलं तेवढंच सांगा. नाही ऐकू आलं, तं नाही आलं म्हणा. त्यात काय लाज?"

त्या दिवशी काचेच्या खोलीत भावनानं बातमी वाचली. मंगरूनं डोळे मिटून कान दिला. बराच वेळ रेडिओवर काहीच आवाज नव्हता. केशवरावांनी दुकानात बॉक्सची वायर हलवून बघितली.

"नाही आलं ऐकू," मंगरू शेवटी म्हणाला. "बाई, पुन्हा वाच."

भावनानं पुन्हा वाचलं. धानावर खोडकिडा आला होता. मंगरूचा चेहरा हळूहळू उजळला.

"धानावर घोडा चढला म्हणते!"

काचेपलीकडे बसलेली धुरपताबाई लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसत होती. कार्यक्रम संपल्यावर दोघं साकोलीच्या स्टँडवर आली. गाडीला वेळ होता. मंगरूनं गरम आलूभजे घेतले, मशीन पुन्हा कानात घातली, आणि बायको पहिल्यांदाच रेडिओ स्टेशन बघून आल्यामुळे जे जे बोलत होती, ते सगळं गाडी येईपर्यंत ऐकत बसला.